तक्रार पत्र : पैसे निवांत सहलीचे, वागणूक ट्रेकची

दिनांक : 20 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘निवांत जोडपे’ सहलीचे जास्तीचे पैसे घेऊन आम्हाला ट्रेकच्या गटात घातल्याबद्दल

महोदय,

श्रावणात मी आणि माझे यजमान आपल्या कंपनीतर्फे धुळ्याहून तोरणमाळला गेलो होतो. आपल्याकडे ट्रेकची सहल स्वस्त होती. आम्ही मुद्दाम माणशी 1,800 रुपये जास्त भरून ‘निवांत जोडपे’ घेतली, कारण आपल्या माहितीपत्रकात गाडी प्रत्येक ठिकाणापर्यंत जाईल, चालणे नावापुरते असेल, खोली यशवंत तलावाच्या बाजूची मिळेल आणि जेवण खान्देशी असेल, असे छापले होते. पैसे भरण्याआधी मी फोन करून खात्रीही करून घेतली होती.

शहाद्यापासून घाट चढेपर्यंत सगळे छान होते. सातपुडा हिरवागार झाला होता, वळणावळणावर ढग गाडीत शिरत होते आणि यजमानांची जुनी गाणी चालू होती. आम्हाला एवढेच हवे होते. तोरणमाळ सुमारे 1150 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा अंगावर घ्यायची, तलावाकाठी बसायचे, गप्पा मारायच्या, भूक लागली की जेवायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दारावर थापा पडल्या. बाहेर आपला मार्गदर्शक गळ्यात शिट्टी अडकवून उभा. “चला, बूट घाला, सगळे थांबलेत.” निवांत सहलीला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, म्हणून आम्हाला ट्रेकवाल्यांत मिसळले आहे, हे आम्हाला तिथे, त्या क्षणी कळले. आदल्या दिवशी एक फोन करायला काय हरकत होती?

सीताखाईच्या दरीपाशी पाऊस लागला होता. गट कडेकडेच्या निसरड्या पायवाटेने पुढे निघाला. आम्ही नाही म्हणालो. तेव्हा मार्गदर्शक सगळ्यांसमोर म्हणाला, “गुडघ्यांचा त्रास होता तर आधी सांगायचं ना काका!” यजमानांचा चेहरा उतरला. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आमचे गुडघे ठणठणीत आहेत. आम्हाला चालायचे नव्हते, इतकेच. सुटीत बसून राहावेसे वाटायला माणूस आजारीच असावा लागतो का? ज्यांना चढायचे त्यांनी खुशाल चढावे, पण डोंगर नुसता बघायला जाणाऱ्यांनाही तितकाच मान मिळाला पाहिजे, आणि आम्ही तर त्याचे वेगळे पैसे मोजले होते.

गाडीत बसावे म्हटले, तर गाडीला कुलूप आणि किल्ली मार्गदर्शकाच्या खिशात. चालक बिचारा स्वतः भिजत उभा होता. “ताई, माले तं कोनी काहीच सांगेल नही,” म्हणाला. त्याच्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. कृपया त्याला जबाबदार धरू नये.

आम्हाला आसरा दिला तो रस्त्याकडेला मक्याची कणसे भाजणाऱ्या एका बाईने. तिने प्लास्टिकखाली जागा करून दिली, निखाऱ्यांजवळ बसवले, कणसाला मीठ-तिखट चोळून हातात दिले. गट परत येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. धुके मधूनच फाटायचे आणि समोरची दरी खोलवर दिसायची. सहलीतला सगळ्यात चांगला वेळ तो, आणि त्यात आपल्या कंपनीचा काहीच वाटा नव्हता.

खोलीच्या खिडकीतून तलाव नव्हे, जनरेटर दिसत होता. जेवणाचेही तसेच. श्रावणात वांग्याच्या भरिताचा हट्ट आम्ही धरला नसता, चातुर्मासात आमच्याकडे वांगे खातही नाहीत. पण शेवभाजी आणि कळण्याची भाकरी तरी? दोन्ही वेळा पनीर आणि मैद्याची रोटी वाढली. खान्देशात राहणाऱ्या माणसाला खान्देशी जेवण म्हणून हे वाढणे बरे नव्हे.

माझ्या मागण्या अशा. निवांत सहलीसाठी घेतलेले जास्तीचे 3,600 रुपये परत करावेत. तलावाकडच्या खोलीच्या नावाखाली घेतलेला आकार वेगळा दाखवून तोही परत द्यावा. मार्गदर्शकाच्या बोलण्याबद्दल कंपनीने यजमानांची लेखी माफी मागावी. आणि सहल बदलायची असेल तर निघण्याआधी ग्राहकाला विचारून, नको असल्यास पूर्ण पैसे परत देण्याचा नियम करावा. माफीच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

पावती, माहितीपत्रकाची प्रत आणि खोलीच्या खिडकीतून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

दिवाळीनंतर आम्हाला पुन्हा तोरणमाळला जायचे आहे. आपल्या कंपनीकडून जायचे की नाही, ते आपल्या उत्तरावर ठरेल.

आपली,
एक ग्राहक, धुळे