माहेरची वाट

चि. प्रशांत यास अनेक आशीर्वाद.

इकडे कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, तूर फुलावर आली. बाबांची तब्येत बरी आहे.

काल पल्लवीचा फोन होता. गाडीचं लर्निंग लायसन काढून तिला तीन महिने झाले. "आई, ह्यांना शिकवायला वेळच मिळत नाही," एवढंच म्हणाली ती. बाकीचं मी ओळखलं.

मोटारीतून पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला, ठाऊक आहे तुला? जर्मनीत, ऑगस्ट १८८८ मध्ये. बर्था बेंझ. गाडी नवऱ्यानं बनवलेली, पण त्याच्या धंद्यात हिच्या हुंड्याचा पैसा. लोक गाडी घ्यायला धजत नव्हते. ही नवऱ्याला न सांगता पहाटेच निघाली, मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटर. कुठं, तर माहेरी, आईकडे! इंधनाची नळी तुंबली, टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं, औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की तिची दोन पोरं, एक पंधरा वर्षांचं, एक तेराचं, उतरून गाडी ढकलायची. मला ती पोरंच फार आवडली.

पुढं बायकांना गाडी न देण्याचं कारण निघालं ताकदीचं. तेव्हा इंजिनाला समोरून हॅन्डल मारावं लागे, उलटं फिरलं तर मनगट मोडे. १९१२ मध्ये विजेवरचा स्टार्टर आला, ते कारणही गेलं. तसं विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं हॅन्डल मी किती वर्षं मारलं, तू पाहिलंच आहेस. आपल्या देशात सुझान टाटांनी, जे. आर. डी. टाटांच्या आईनं, १९०५ मध्येच गाडी चालवली होती.

परवाच्या वर्षी पोळ्याच्या रात्री बाबांच्या छातीत दुखलं. गाडी अंगणात, किल्ली खिळ्याला, आणि मी रस्त्यावर उभी राहून हाका मारत होते. चालवणारा मिळेस्तोवर पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाबद्दल मी तुला कधी बोलले नाही. तूर सोंगून झाल्यावर रिकाम्या वावरात शिकले, मग पांदणीनं. आता आर्वीच्या बाजाराला मीच गाडी नेते.

रोज सकाळी अर्धा तास काढ तिच्यासाठी. बाजूला बसून ओरडू नको. इंजिन बंद पडलं तर पडू दे.

संक्रांतीपर्यंत पक्कं लायसन होईल तिचं. गाडीनंच या, आणि अमरावतीपासून पुढं तिला चालवू दे. तिचं माहेर, तिवसा, वाटेतच आहे. स्टिअरिंगवरून उतरलेली लेक तिच्या मायला दिसू दे.

तुझी आई