पस्तीस वेतनवाढींचे अंतर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. मावशीची नात उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली आणि तिचे मूळ वेतन पहिल्याच दिवशी ५६,१०० रुपये आहे, हे कळल्यावर आई म्हणाली, "मग तुझ्या बाबांनी चौतीस वर्षे लिपिकी केली, तिची किंमत काय?" बाबा काही बोलले नाहीत; फक्त रेडिओचा आवाज मोठा झाल्याचे मला ऐकू आले. आस्थापना शाखेत बसून रोज परक्यांच्या वेतननिश्चित्या करणाऱ्या मुलीने घरच्या प्रश्नाला "तसेच असते" एवढेच उत्तर द्यावे हे बरे नव्हे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबांच्या सेवाकाळातल्या वेतनश्रेण्या आणि नंतरचे ग्रेड वेतन जाऊन आता एकच मोठा तक्ता आला आहे. सातव्या वेतन आयोगाचा हा तक्ता राज्याने ३० जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने, १ जानेवारी २०१६ पासून लागू केला. आडव्या दिशेने एस-१ पासून एस-३१ पर्यंतचे स्तर आणि प्रत्येक स्तराखाली उतरत जाणारे रकान्यांचे चौकोन, अशी त्याची रचना आहे. स्तर पदावरून ठरतो, चौकोन सेवेच्या वर्षांवरून. दरवर्षी माणूस एक चौकोन खाली सरकतो आणि त्याचे मूळ वेतन सुमारे ३ टक्क्यांनी वाढते, ते शंभराच्या पटीत बसवलेले असते.

लिपिक-टंकलेखक एस-६ मध्ये १९,९०० वर सुरुवात करतो. मी परवा जेवणाच्या सुट्टीत तो रकाना बोट ठेवून खाली मोजत गेले: २०,५००, २१,१००, २१,७००, २२,४००... पस्तिसाव्या वेतनवाढीला ५६,२०० हा आकडा आला. म्हणजे पदोन्नती किंवा आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरचा स्तर देणाऱ्या योजनेचा) लाभ मध्ये मिळालाच नाही, तर लिपिकाला उपजिल्हाधिकाऱ्याच्या पहिल्या दिवसाच्या मूळ वेतनापर्यंत पोहोचायला पस्तीस वर्षे लागतात, आणि त्या वेळी त्याच्यासमोर निवृत्तीची कागदपत्रे ठेवलेली असतात. आई, तुझ्या प्रश्नातला सल इथे आहे, आणि आकडे तो खोटा ठरवत नाहीत.

हे १९,९०० आणि ५६,१०० आले कुठून, तेही सांगते, कारण बाबांना असली फोड आवडते. सहाव्या आयोगात लिपिकाची सुरुवात ७,७३० रुपयांवर होती, तिला २.५७ ने गुणले की १९,८६६ येतात, त्याचे १९,९०० झाले. त्या अधिकाऱ्याची सुरुवात २१,००० होती; तिला मात्र २.६७ ने गुणले, ५६,०७० आले आणि त्याचे ५६,१०० झाले. दोघांना एकच गुणक लावला असता तर अधिकाऱ्याची सुरुवात ५४,००० च्या आसपास राहिली असती. पद जसे वर जाते तशी भूमिका, जबाबदारी आणि उत्तरदायित्व वाढते, म्हणून गुणकही वाढवला, असे न्या. अशोककुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाचे म्हणणे होते. मला ते पूर्ण पटत नाही, कारण जबाबदारीचे मोल सुरुवातीच्या २१,००० मध्ये आधीच धरलेले होते. पण टेबलाच्या या बाजूला बसून माझे मत कोण विचारतो!

शिवाय पुढचे सगळे टक्क्यांवर चालते. महागाई भत्ता ५० टक्के असताना पहिल्या चौकोनातल्या लिपिकाला ९,९५० रुपये मिळतात आणि अधिकाऱ्याला २८,०५०. बाजारातला भाव दोघांना एकच असतो. चौथ्या आयोगाच्या काळात असे नव्हते: ३,५०० पर्यंतच्या वेतनाला महागाईची पूर्ण भरपाई, त्यावर ६,००० पर्यंत ७५ टक्के आणि त्याच्याही वर ६५ टक्के, अशी उतरती पद्धत होती, पाचव्या आयोगानंतर सर्वांना सारखीच पूर्ण भरपाई मिळू लागली. घरभाडे भत्ताही मूळ वेतनाच्या टक्क्यांतच असतो, त्यामुळे तिथेही हेच घडते.

तरीही केंद्राचे जुने आकडे पाहिले की मला थोडे बरे वाटते. १९४६ मध्ये नेमलेल्या पहिल्या आयोगाने सर्वांत खाली ५५ रुपये आणि वर २,००० रुपये ठेवले होते, म्हणजे सुमारे ३६ पट. चौथ्या आयोगाच्या वेळी ७५० आणि ८,०००, जेमतेम अकरा पट उरले. सातव्यात १८,००० आणि २,२५,००० झाल्याने ते पुन्हा साडेबारा पटीवर गेले.

आता पदोन्नतीचे. गेल्या आठवड्यात एका लिपिकाची वरिष्ठ लिपिक म्हणून वेतननिश्चिती माझ्याकडे आली. तो एस-६ मध्ये २६,००० वर होता. एस-८ ची सुरुवात २५,५०० आहे, म्हणजे एस-६ पेक्षा ५,६०० ने जास्त, तेव्हा आपलेही तेवढे वाढतील असे त्याने घरी सांगून ठेवले होते. नियम असा की जुन्या स्तरात एक वेतनवाढ द्यायची, २६,८०० करायचे, मग नव्या स्तरात तेवढाच किंवा लगतचा वरचा चौकोन शोधायचा. तो निघाला २७,१००. वाढ १,१०० रुपये! त्याने तक्ता माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिला, घडी केली आणि पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर ठेवून गेला.

बाबा, तुम्हाला बारा वर्षांनी 'कालबद्ध' पदोन्नती मिळाली होती. आता तोच लाभ आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळतो. आईला हे सांगा की तक्त्यातला चौकोन पदाचा आणि वर्षांचा असतो. तुम्ही रोखवही एका पैशाच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचात, त्यासाठी त्यात रकाना नाही आणि कोणत्याही आयोगाने तो केलेला नाही.

तुमच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कपाटात वरच्या कप्प्यात, पिवळ्या पिशवीत आहे. तिच्यातल्या वेतनवाढींच्या पानांचे फोटो काढून पाठवा. तुम्ही आज सेवेत असता तर कोणत्या चौकोनात असता, ते मला कागदावर मांडून पाहायचे आहे, आणि ती वेतननिश्चिती तपासायला मी तुमच्याकडेच पाठवणार आहे.

तुमची,
धाकटी