रविवारची बैठक : व्हिटबीचा मठ आणि दगड झालेले साप

सभासदहो, नमस्कार.

आपल्या इतिहास मंडळाची बैठक येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता सांगलीत, गावभागातल्या नेहमीच्या जागी आहे. विषय : इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावातला जुना ख्रिस्ती मठ.

राजा ऑस्वीने इ. स. ६५७ मध्ये हा मठ स्थापला. पहिली मठाधिपती होती हिल्डा. भिक्षू आणि जोगिणी, दोघांवरही तिचाच अधिकार! ईस्टर कधी पाळायचा, या वादाचा निकाल ६६४ मध्ये इथेच लागला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये मठ बंद पडला. त्याच्या घंटा जहाजातून नेताना बुडाल्या आणि पाण्याखालून अजून वाजतात, अशी आख्यायिका आहे.

मला सर्वांत भावते ती सापांची कथा. हिल्डाने गावातल्या सापांचे दगड केले म्हणतात. हे वेटोळे दगड म्हणजे अ‍ॅमोनाइट या समुद्री जीवांचे जीवाश्म. कारागीर त्यांवर सापाचे डोके कोरून विकत. आपल्या देवघरातले गंडकीचे शाळिग्रामही बहुतेक अ‍ॅमोनाइटच! यावर रविवारी सविस्तर बोलू.

म्हणून विनंती :
• घरी शाळिग्राम असल्यास त्याचा फोटो आणावा. पूजेतला शाळिग्राम उचलून आणू नये.
• चित्रे पडद्यावर दाखवायची आहेत, अंधार करावा लागेल. पाच मिनिटे आधीच या.
• मुलांना जरूर आणा.
• येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवावे, चहाचा अंदाज येतो.

– चिटणीस