आधी डावा कान की उजवा?

ती. आई-बाबांना
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "लहान मुलाला तपासायला एवढा वेळ कशाला? आईने घट्ट धरलं की पाच मिनिटांत होतं." तेव्हा वॉर्डात धावपळ होती. आज निवांत लिहिते.

मोठ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत ओळीने तपासतात. तान्ह्या बाळापाशी तो क्रम चालत नाही. ते शांत असेल तेवढ्यात मी छातीचे ठोके ऐकून घेते, कारण एकदा रडू फुटलं की काही ऐकू येत नाही. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं आणि तेही एका लयीत नाही. मध्येच काही सेकंद थांबतं, मग भराभर घेतं. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणून भागत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. कान आणि घसा सगळ्यात शेवटी.

खरी कसोटी एक ते तीन वर्षांच्या मुलांपाशी. गेल्या आठवड्यात दोन वर्षांची एक मुलगी आली, ताप आणि खोकला. आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. बुटक्या स्टुलावर बसून तिच्या आईशी बोलत राहिले आणि बोलता बोलता लांबूनच पोरीचे श्वास मोजले. मग स्टेथोस्कोप आईच्या हाताला लावला, नंतर तिच्या कापडी सशाच्या पोटाला. तेव्हा कुठे एक डोळा माझ्याकडे वळला. "तपासू का?" असं या वयाच्या मुलाला मी विचारत नाही. ते "नाही" म्हणणार आणि तरी मी तपासणार. मग त्याच्या शब्दाला किंमत काय राहिली? त्याऐवजी विचारलं, "आधी डावा कान की उजवा?" तिने सशाचा कान पुढे केला. आधी सशाचा बघितला, मग तिचा. तीन वर्षांच्या आत कानाची पाळी खाली आणि मागे ओढून बघायची असते. मोठ्या मुलांत वर आणि मागे.

बाबा, धरावं लागतं हे खरंच. पण टेबलावर आडवं पाडून नाही. आईच्या मांडीवर, तिच्या मिठीत.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढे शब्द जपून वापरावे लागतात. "रक्त काढायचंय" म्हटलं की सगळंच रक्त जाईल असं वाटतं. "टोचणार नाही" म्हटलं तरी ऐकू येतं ते "टोचणार" एवढंच. मोठा श्वास घ्यायला सांगण्याऐवजी मी टॉर्च पुढे धरते आणि म्हणते, फुंकर मारून विझव. ते फुंकतात, मी हळूच बटण बंद करते. शाळकरी मुलांना कारण सांगितलं की पुरतं. पोटाला गुदगुल्या होत असतील तर त्यांचाच हात माझ्या हाताखाली ठेवते.

वयात आलेल्या मुलामुलींना पडदा लागतो आणि आई-वडिलांशिवाय थोडा वेळही लागतो. जिवाला धोका किंवा कुणी अत्याचार केल्याची गोष्ट असल्याशिवाय त्यांचं बोलणं बाहेर जाणार नाही, हे मी आधीच सांगते. तपासताना "हे अगदी नॉर्मल आहे" असं मोठ्याने म्हणते, कारण तोच प्रश्न त्यांच्या मनात असतो आणि तो ती विचारत नाहीत.

आई, पाच वर्षांची असताना माझा कान तपासला होता, आठवतं? तिघांनी मला टेबलावर दाबून धरलं होतं आणि तुला बाहेर थांबवलं होतं. दाराखालच्या फटीतून तुझ्या चपला दिसत होत्या. किती तरी वर्षं मला वाटायचं, तूच आत आली नाहीस. तुला येऊ दिलं नव्हतं, हे याच कामात पडल्यावर कळलं. म्हणून पाळीवर गेले की सगळ्यात आधी मी टेबलाशेजारी आईसाठी खुर्ची ओढून ठेवते.

तुमची लेक