डंपावरच्या घागऱ्या

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

यंदा चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीत बांधलेल्या घागऱ्या, म्हणजे त्या रानझुडपाच्या शेंगांचे घोस, आमच्या डंपावरून आणल्या. डंप म्हणजे लोहखनिजाच्या खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचा ढीग. कवंडळ आणि तिरफळं रानातली, आंबाडे परसातले, पण घागऱ्या डंपावरच्या. हे तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना. पत्र उघडच लिहिते आहे, कारण गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत आमच्यासारखी डंपाखाली घरं-शेतं असलेली माणसं पुष्कळ आहेत.

आमच्याकडे एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. तो उपसा आमच्या सरद, म्हणजे पावसाळी भातशेतीच्या डोक्यावर येऊन बसला. मोठा पाऊस झाला की तांबडा गाळ लावणीत उतरायचा आणि रोपं त्याखाली दडपून जायची. सासऱ्यांनी शेवटची काही वर्षं शेत कसण्यापेक्षा गाळ उपसण्यातच घालवली. २०१८ साली खाणी बंद पडल्या, टिप्पर थांबले, गाळ थांबला नाही.

आमच्या बायकांच्या गटाने जागेच्या मालकाची परवानगी काढून दोन पावसाळे डंपावर आंबा, फणस, काजूची रोपं लावली. दोन्ही वेळा दिवाळीपर्यंत काठ्या उरल्या. आमचं पाणी कमी पडलं असं समजून आम्ही उन्हात पाण्याच्या घागरी वाहत होतो. तेव्हाच तुम्ही फोंड्याला लेकीकडे आला होता. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर झाडं जगवण्यात नोकरी गेलेले गृहस्थ आहेत एवढंच आम्हाला कळलं होतं. तुम्ही कदंबाच्या बसने आलात, चहासुद्धा न घेता आधी डंपावर चढलात.

तुम्ही डंपात कोपरापर्यंत हात घातला होता, आठवतं? कोळशाच्या ढिगात कोळशाचे तुकडे, काळी शेल (कोळसा मिसळलेला पापुद्र्यांचा दगड) राहून जाते, हवा लागून ती आतल्या आत तापते, पेटतेही. म्हणून ही सवय, असं म्हणालात. जिथे खडकात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, असतं तिथे पावसाचं पाणी आम्ल होतं आणि मुळं जळतात, हेही तेव्हाच ऐकलं. मग आमची माती चिमटीत चोळून म्हणालात, "इथं आग नाही, आम्ल नाही. इथं माती उपाशी आहे, अन् पाऊस तिला थांबू देत नाही." नत्र जवळजवळ नाही, स्फुरद असलंच तर लोह त्याला धरून ठेवतं, टिप्परांनी माथा दाबून दगड केलेला, आणि वरून आमचा साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. अशा जागी आम्ही आंबा लावत होतो.

"झाडाची घाई काहून करता? आधी गवत येऊ द्या." हे तुमचं वाक्य गटात अजून रोज कुणीतरी म्हणतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांना घालायला सांगितली, तेही तुम्हीच सांगितलंत. कोळसा असो की लोखंड, कोर्टानेही आधी गवतच म्हटलं, असं म्हणताना तुमचा चेहरा उजळला होता.

मग काम सुरू झालं. उतारावर समतल चर, काथ्याच्या गुंडाळ्या, त्यांच्या वरच्या अंगाला वाळ्याचे ठोंब. शेण आणि कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, कुजलेला पाचोळा. जुन्या रानातल्या झाडांखालची टोपलीभर माती, तिच्यातली बुरशी मुळांना स्फुरद मिळवून देते म्हणून. टोपलीच, जास्त नाही, रानाला खड्डा पडता कामा नये, असं तुम्ही बजावलंत. पहिल्या सरींबरोबर स्टायलो या चाऱ्याच्या शेंगवर्गी झुडपाचं आणि घागऱ्यांचं बी फेकलं. श्रावणात तुम्ही पुन्हा आलात, घागऱ्यांचं एक रोप उपटलंत आणि मुळावरची गाठ नखाने फोडून आतला गुलाबी रंग आम्हा सगळ्यांना दाखवलात. गुलाबी म्हणजे हवेतलं नत्र धरण्याचं काम चालू आहे. मी बारावीपर्यंत शास्त्र शिकले, पण मातीला जेवताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या डंपावरच्या आकेशियाला (ऑस्ट्रेलियन बाभळीला) आम्ही नावं ठेवत होतो. तुम्ही थांबवलंत. त्याने उतार धरून ठेवलाय, हे मान्य करा, म्हणालात. पण त्याचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं काही सहज उगवत नाही, म्हणून आपण वेगवेगळी झाडं मिसळून लावू. तिसऱ्या पावसाळ्यात करंज, आवळा, धायटी, खैर लावले. काही गेले, बरेच जगले. जांभळाची चार रोपं कुणी न लावता आली आहेत. पाखरांचंच काम असणार.

खालच्या दोन मळ्यांत यंदा गाळ आला नाही. सासूबाई बांधावर उभ्या राहून पाणी बघत होत्या, स्वच्छ होतं. त्या काही बोलल्या नाहीत. तुमच्यासाठी उकड्या तांदळाची पिशवी बाजूला काढायला मात्र त्यांनीच सांगितलं.

तुम्ही बसभाड्याचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. काका, तुमचे आभार कसे मानावे कळत नाही.

पश्चिमेकडचा उतार अजून दर पावसात घसरतो, वाळाही तिथे धरत नाही. दिवाळीत लेकीकडे येणार असाल तर एक दिवस आमच्यासाठी ठेवा. घागऱ्यांचं बी वाळवून ठेवलं आहे, चंद्रपूरला न्यायला.

आपली,
डंपाखालच्या शेतातली शेतकरीण, आणि सगळा गट