ट्रॅक्टरची चावी देव्हाऱ्यात आहे

तीर्थरूप आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पंढरपूरहून घरी पोचाल तेव्हा मी चाकणच्या वाटेवर असेन. उद्या कंपनीत मला पहिली पाळी आहे, म्हणून हे लिहून ठेवतेय. फोनवर सांगितलं असतं तर आबा, तुम्ही दर्शनबारीतूनच ओरडला असता आणि आईचा विठोबा राहिला असता बाजूला.

आधी आईचं. दुधाला विरजण लावलंय. मटकीला मोड आलेत, फडक्यात बांधून ठेवली आहे. बंबात पाणी भरून खाली चिपाडं रचलीत, नुसती काडी ओढायची. एसटीत बसून गुडघे धरले असतील, तेव्हा आल्या आल्या झाडू हातात घेऊ नकोस. घर झाडलंय. तुझ्यासारखं नसेल, पण झाडलंय.

आता आबा. शेडकडे जायच्या आधी हे शेवटपर्यंत वाचा.

आपल्या 275 ट्रॅक्टरची सगळी वायरिंग मी काढली आणि नवी घातली. बॅटरीपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत सगळी. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर माझा हात चालला नसता.

पाडव्याच्या सकाळी तुम्ही सेल्फचं बटण दाबलंत. टक्क वाजलं, पुढे काही नाही. मग तुम्ही सीटवरून उतरलात, मागच्या चाकापुढे उभे राहिलात आणि सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवलात. ठिणगी उडाली, इंजिन लागलं, तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मीही हसले, पण माझं लक्ष गिअरच्या दांड्याकडे होतं. गिअर पडलेला असता तर इंजिन लागताच ट्रॅक्टर चालू पडला असता, आणि चाकाच्या वाटेत तुमचेच पाय होते. मधल्या काकांचं मी काढत नाही. आई, तूही काढू नकोस. पण त्या दिवशी आपल्या तिघांच्याही मनात तेच आलं, आणि तिघंही गप्प बसून श्रीखंड खात राहिलो.

आपल्या डिझेलच्या इंजिनाला चालत राहायला करंट लागत नाही, हे तुमचं खरंच आहे. एकदा लागलं की बॅटरी उचलून नेली तरी ते चालतं, बंद करायला स्टॉपच ओढावा लागतो. हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि कंपनीच्या मुलाखतीत मी तेच सांगून नोकरी मिळवली. पण लागायला करंट लागतो, आणि रात्री दिसायलाही.

भाऊबीजेला मी सुतळी घेऊन ट्रॅक्टरभोवती फिरत होते ना, आणि आई म्हणाली, पोरगी खुळी झाली? ते माप होतं. जिथे फाटा फुटतो तिथे एक गाठ, जिथे दिवा येतो तिथे दोन. ती सुतळी पर्समध्ये घालून नेली. खोलीवर पाटावर खिळे मारून तिच्या मापाने सगळं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, बांधलं, रोज रात्री जेवण झाल्यावर. दिवसभर कंपनीत मी दुसऱ्यांच्या गाड्यांची लूम बांधते. आठ वर्षं झाली. आपल्या दारातला ट्रॅक्टर पान्याने चालू होतोय आणि मी तिथे टेपा गुंडाळतेय, याची लाज वाटायला लागली होती. पैसे दिवाळीच्या बोनसमधले आहेत. माझे कपडेही झालेत, त्यामुळे तो विषय काढू नका.

आणि ऐका, दोष सेल्फचा नव्हताच. आपण तो दोनदा बांधून आणला, बॅटरीही बदलली. मी इंजिनाच्या अंगाला आणि बॅटरीच्या मायनसला मीटर लावून सेल्फ मारला, तर दोन व्होल्ट वाटेतच मरत होते. अर्ध्याच्या वर जायला नकोत. सेल्फ एका दमात दोनशे अँपिअर ओढतो, त्याला वाट चांगली लागते. आणि बॅटरीचा मायनस चासीला जोडणारी आपली अर्थची पट्टी बसवली होती रंगावर! कधीतरी चासीला लाल रंग मारला, त्यावरच बोल्ट आवळला, खाली गंज चढत गेला. पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढलं, नवी पट्टी बसवली, वरून व्हॅसलीन चोपडलं. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. शेडमध्ये मी एकटीच होते, तरी ‘आबा’ म्हणून हाक मारली.

जुन्या वायरिंगला मी नाव ठेवत नाहीये. मूळची उत्तमच होती, उंदीर लागेपर्यंत चालली. नंतरचे जोड तुमचे. टेप सोडवत गेले तसे एकेक निघाले. काळा टेप, त्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, त्याखाली पुन्हा टेप. हेडलाइटच्या जोडावर तर पेनची निळी रिफील कापून चढवलेली निघाली. ती माझीच असणार. दहावीच्या वर्षी तुम्ही रात्री जोड मारत होता, मी उजेडाला बॅटरी धरून उभी होते आणि उभ्या उभ्या पेंगले. उजेड हलला म्हणून तुम्ही ओरडला नाहीत. मला मडगार्डवर बसवलंत आणि बॅटरी स्वतःच्या दातात धरलीत. त्या जोडाला मी कात्री लावू शकले नाही, तेवढा तुकडा अख्खा काढला.

पण फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालायची हे काही बरोबर नाही हं आबा. वायर कुठे घासली असती तर तारेने काही सोडलं नसतं, आणि बॅटरीखालीच डिझेलची नळी जाते. आता फ्यूजची पेटी आहे. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. उडाला तर त्याच रंगाचा घालायचा, डबीत जादा ठेवलेत. तोच पुन्हा उडाला तर मला फोन. तार नाही, बिडीच्या पुडक्यातली चांदी तर मुळीच नाही.

दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. आधी त्यांना बेलची वायर होती, म्हणून ते निरांजनासारखे जळायचे. आता अडीचची जाड वायर आणि स्विचवरचा भार घेणारा रिले आहे. काल रात्री लावून बघितले, बांधापलीकडच्या आंब्याची पानं मोजता येतील.

राहिलं एक. यावर तुम्ही चिडणार. सेल्फच्या बोल्टांवर मी पत्रा मारलाय. चार नट आहेत, उघडता येतो, पण पाना नुसता टेकवता येणार नाही. आणि क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ आता लागणारच नाही. म्हणजे ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून केलं नाही. तुम्ही दमलेले असता, ऊसतोडीची चिठ्ठी आलेली असते, फडात टोळी खोळंबलेली असते. अशा घाईत माझ्याही हातून चूक होईल. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्रा काढू नका. निदान मी संक्रांतीला येईपर्यंत.

ट्रॉलीला मागे दिवे आणि इंडिकेटर दिलेत. प्लग जोडल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर न्यायची नाही. रिफ्लेक्टरवरचा चिखल रोज पुसायचा, हे काम आईचं नाही, तुमचं. बॅटरी काढायची झाली तर आधी मायनस सोडायचा आणि लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना अंगाला लागून भडका उडतो. उंदरांसाठी मी काय करणार? बोक्याला शेडमध्ये झोपवा.

आणि रात्रीची खेप बंद. दिवे चांगले झाले म्हणजे डोळे चांगले झाले असं नाही. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्या, मी रजा टाकते. आई, तारीख तू घे. आबा घेणार नाहीत, गाळपाचा हंगाम पुढे करतील. तुझी बीपीची गोळी सकाळची आहे, आठवण झाल्यावरची नाही.

चहा घेऊन मग शेडमध्ये जा. चावी देव्हाऱ्यात विठोबाच्या तसबिरीमागे आहे. चालू केलात की मला नुसता मिस कॉल द्या. काम कसं झालंय ते नंतर सांगा, दोन दिवस रागावून झालं की सांगा.

तुमचीच,
सुमी

ता. क. जुनी वायरिंग टाकलेली नाही. माळ्यावर खताच्या पोत्यात आहे, उलगडून बघा म्हणजे मी काय काय बदललं ते कळेल. रिफीलवाला जोड तेवढा त्यात शोधू नका, तो मी नेलाय.