सोनूच्या कन्फर्मेशनबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा तुम्ही चिडून फोन आईकडे दिलात आणि आईने "जेवलीस का" विचारून विषय बदलला, आपल्या घरात नेहमी असंच होतं, म्हणून आता लिहूनच पाठवते. लांबलचक झालंय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना, पण मधलं काही गाळू नकोस.

सोनू या वर्षी कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं बिशपांसमोर स्वतःच्या तोंडाने द्यायची रीत, घेणार नाही आणि मी त्याला जबरदस्ती करणार नाही. बिशपसाहेबांची तारीख मिळालीये, सूट शिवून झालाय, चौथी पिढी त्याच चर्चमध्ये उभी राहणार म्हणून तुम्ही अख्ख्या पास्टरेट कमिटीला सांगून बसलाय, सगळं माहितीये मला. पण तुम्ही जे म्हणालात ना, "पुण्याचं वारं लागलं, मोबाइलने पोरं नास्तिक झाली", ते मला पटलं नाही. नास्तिक पोरगं गपगुमान उभं राहिलं असतं हो. सूट घातला असता, डोकं वाकवलं असतं, फोटो काढले असते, बिर्याणी खाल्ली असती आणि दुसऱ्या दिवशी विसरला असता. मी अशी किती मुलं बघितलीत, तुम्हीही बघितलीत, कन्फर्मेशनला दिसतात ती एकदम लग्न जमल्यावर सर्टिफिकेट न्यायला पाळकसाहेबांच्या दारात. सोनूने उलट केलं. वर्गात दिलेला कागद घरी आणून शांतपणे वाचला आणि मला म्हणाला, मम्मी, माझ्या बाप्तिस्म्याला मी चार महिन्यांचा होतो, उत्तरं तू आणि पप्पांनी दिली, आता तीच मी माझ्या तोंडाने द्यायची, तर मग मला ती खरी तर वाटायला पाहिजेत ना. यावर मी काय बोलणार? मला तर वाटतं त्या वर्गात तो कागद नीट वाचणारा हा एकटाच असेल.

आणि आपल्याकडे घाई आहे कुठे? तुम्हीच तर सांगायचात आम्हाला, सीएनआय, आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 ला नागपूरला कशी झाली, सहा चर्च एकत्र आले, त्यात लेकरांना बाप्तिस्मा देणारे होते तसे समज आल्यावरच देणारेही होते, आणि दोन्ही रीती ठेवल्या. म्हणजे माणसाला समज यायला वेळ लागतो हे त्या मोठ्या लोकांनी धरूनच ठेवलं होतं की.

आता खरं कारण लिहिते. फोनवर मी ते सांगायला लागले आणि तिथेच तुम्ही फोन दिलात.

मे महिन्यात तो तुमच्याकडे राहिला, वर्गाला जायचा, रविवारी तुमच्याबरोबर उपासनेला. तुमचा ठरलेला बाक उजवीकडे तिसरा, काकांचा डावीकडे मागे. पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. तुम्ही पुढे गेलात, गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला, परत आलात. मग काका गेले, तेही तसंच करून आले. बाहेर पडल्यावर सगळे सगळ्यांना हात मिळवून जय ख्रिस्त करत होते आणि तुम्ही दोघं सख्खे भाऊ दोन वेगवेगळ्या गेटांनी बाहेर पडलात. सोनूने तुम्हाला विचारलं, काकाआजोबांशी का नाही बोलत, आणि तुम्ही म्हणालात, मोठ्यांच्या भानगडीत पडू नये. मग त्याने आजीला विचारलं. आई, तू त्याला सांगितलंस म्हणून मी तुझ्यावर रागावलेली नाही, बरं केलंस.

काकांच्या धाकटीने लग्न केलं तो मुलगा ख्रिस्ती. शिकलेला, नोकरीवाला, दर रविवारी चर्चला जाणारा, भजन तर काय सुंदर म्हणतो. तरी तुम्ही लग्नाला गेला नाहीत कारण तो 'त्यांच्यातला'. कोणातला ते मी लिहीत नाही, आपल्या तिघांनाही माहितीये. काकांनी तेव्हा तुम्हाला काहीतरी लागेलसं बोललं हेही खरं, मी त्यांची बाजू घेत नाहीये, जीभ त्यांचीही तिखटच. पण बाबा, आपल्या खापरपणज्यांनी गावकुसाबाहेरचं जिणं सोडून येशूचं नाव घेतलं ते कशासाठी हो? मिशनवाल्यांनी 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, तेव्हापासून आपण सगळे एका ताटात जेवलो म्हणून अभिमानाने सांगतो, आणि स्थळ आलं की चहा व्हायच्या आत हळूच विचारतो, "मूळचे कुठले? कोणत्या समाजातले?" हे तुम्ही एकटे विचारत नाही, नगरपासून मुंबईपर्यंत अर्धी मंडळी विचारते. माझ्या लग्नाच्या वेळी आईनेही विचारलं होतं.

सोनूला आजीकडून हे कळलं आणि त्याच आठवड्यात वर्गात डोंगरावरचं प्रवचन आलं. मत्तय पाचवा अध्याय, तेवीस-चोवीस ओव्या, की तू वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. तुम्हाला तर तोंडपाठ आहे, माझ्या लहानपणी संडे स्कूलला तुम्हीच शिकवायचात. त्याने पाळकसाहेबांना विचारलं की हे खरंच करायचं असतं का. नुसतं एवढंच. त्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते जाऊ दे, पुढचा धडा घेतला.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), हाच अध्याय. आपल्या कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत त्या साहेबाने नवा करार दिला आणि ते वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले तिथे अडकले, पुस्तक खाली ठेववेना, ही गोष्ट तुम्ही दर वर्षी टिळकांच्या दिवशी भाषणात सांगता. 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण लक्ष्मीबाईंचं तुम्ही पटकन उरकता, "मग पुढे त्यांनीही घेतला", एका वाक्यात. मला त्यांचंच जास्त महत्त्वाचं वाटतं. नवरा ख्रिस्ती झाला, त्या नाही झाल्या. त्यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. आणि मग त्यांनी स्वतःशीच विचार केला की हे जातीचे भेद देवाने केले का माणसाने, उत्तर आलं माणसाने, आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. 'स्मृतिचित्रे'त आहे सगळं, तुमच्याच कपाटात आहे, मी तिथूनच वाचलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. म्हणजे त्यांची जात आधी गेली आणि पाणी नंतर पडलं. आपल्याकडे पाणी पडून चार पिढ्या झाल्या.

चिडला असाल आता. चहा घ्या आणि पुढचं वाचा.

पंडिता रमाबाईंचंही लिहायचंय मला, कारण तुम्ही म्हणालात की आधी कन्फर्मेशन होऊ दे, विश्वास मागून येतो. तुमचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला, वाँटेजला, मनोरमाबरोबर बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिका झाली, परत येऊन मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, विधवा मुलींसाठी एवढा मोठा पसारा उभा केला. कुणी म्हणेल अजून काय पाहिजे ख्रिस्ती माणसाकडून. आणि त्या स्वतः आपल्या साक्षीत लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो आठेक वर्षांनी मिळाला. एवढी हुशार बाई, संस्कृत पंडिता, पुढे अख्खं बायबल मराठीत करणारी, आणि चारचौघांत छापून सांगते की माझा धर्म होता पण आत काही नव्हतं! केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनला आपण सहल घेऊन गेलो होतो (आपलं नगरजवळचं नाही, दौंडच्या पुढचं), तेव्हा तुम्ही आम्हाला छापखाना दाखवलात, शेतं दाखवलीत, दुष्काळातल्या मुलींचं सांगितलंत, पण हे नाही सांगितलं. कुणीच नाही सांगत. आपल्याला थोरांचे बाप्तिस्म्याचे दिवस माहीत असतात, त्यांच्या मनाची ओढाताण नको असते.

म्हणजे आधी पाणी आणि मागून विश्वास, असंही होतं, हे मान्य. पण ते झालं कारण रमाबाई थांबल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर लोकांशी त्यांनी वाद घातले, प्रश्न विचारले, मला हे पटत नाही म्हणून तोंडावर सांगितलं. सोनूने एक प्रश्न विचारला तर आपण त्याला वारं लागलं म्हणतो. आणि टिळकांनी शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार नावाची मंडळी काढली त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. टिळकांच्या दरबारात सोनू बसला असता की नाही, सांगा.

एक गैरसमज नको. मी रीतीभातींच्या विरुद्ध नाही. आमच्या इथे काही नवीन फेलोशिपवाले आहेत, हॉल भाड्याने घेऊन कीबोर्ड-ड्रम लावून, ते म्हणतात तुमचं सीएनआयचं सगळं मेलेलं, नुसतं उठा बसा. मी त्यांच्याशीही भांडते. आजी गेल्यावर आई तुला प्रार्थना सुचत नव्हती, तूच सांगितलंस मला, तेव्हा उपासना संगीतातली गाणीच म्हणायचीस पोळ्या लाटता लाटता, पाठ होती म्हणून. मन कोरडं पडतं तेव्हा पाठ केलेलंच कामाला येतं. गुड फ्रायडेला बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांची उपासना, त्या उकाड्यात, पंखा बंद पडलेला, पाचव्या शब्दाला निम्मी मंडळी पेंगते, तरी मला ती सोडवत नाही. हार्वेस्टच्या, सुगीच्या सणाला भोपळ्याचा लिलाव करून तुम्ही कुणाला तरी दुप्पट किमतीला गळ्यात मारता तेही मला आवडतं. हे सगळं राहू दे. मला फक्त हे खुपतं की आपण हजेरी मोजतो. कुणी दशांश किती दिला, कोण उशिरा आलं, कुणाच्या सुनेने डोक्यावर पदर नाही घेतला. येशूने परूश्यांना, त्या वेळच्या नियम मोजणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, तेच तर म्हटलं होतं, पुदिन्याचा आणि जिऱ्याचा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. आणि बघा, दशांश देऊ नका असं नाही म्हटला तो, हे करायचं आणि तेही सोडायचं नव्हतं म्हणाला.

सोनू तुम्हाला ढोंगी समजतो असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. नाही बाबा. उलट आहे, म्हणूनच त्याचं डोकं फिरलंय. 2021 च्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक कब्रस्तानात यायला घाबरत होते तेव्हा तुम्ही ते पांढरे किट घालून किती जणांना माती दिलीत, प्रार्थना केलीत, आणि घरी येऊन अंगणातच आंघोळ करून वेगळ्या खोलीत झोपायचात. सोनू तेव्हा लहान होता, पण व्हिडिओ कॉलवर रोज विचारायचा आजोबा आज पण गेले का. त्यातले काही 'त्यांच्यातले' होते ना? तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. त्या वेळी कमिटी नव्हती, बिशप नव्हते, फोटो काढायलाही कुणी नव्हतं. त्याला ते आजोबा माहीत आहेत. त्याला कळत नाहीये की तो माणूस आणि डावीकडे न बघता भाकर घेणारा माणूस एकच कसा. मलाही कळत नाही खरं तर. लग्नाला गेला नाहीत तेव्हा मी गप्प बसले कारण तुमच्यासमोर बोलायची आपल्या घरात पद्धत नाही, पण पोराने विचारल्यावर मला त्याच्या डोळ्यांत बघून "मोठ्यांच्या भानगडी" म्हणता आलं नाही.

तुम्हाला कुणी काकांच्या पाया पडा म्हणत नाहीये. कमिटीत सांगायचं असेल तर सांगा, मुलाने पुढच्या वर्षीपर्यंत वेळ मागितलाय, यात लाजायचं काही नाही. बिशपसाहेब पुढच्या वर्षीही येतील, आणि नाहीच घेतलं तर त्याचा आणि देवाचा हिशोब आहे, आपण प्रार्थना करू. त्याने प्रार्थना सोडलेली नाही हे मी आई म्हणून सांगू शकते, जास्त सांगणार नाही, त्याने मला बजावलंय.

आम्ही शनिवारी दुपारी निघतोय, शिरूरला थांबून चारपर्यंत पोचू. रविवारी प्रभुभोजन आहे, सोनू उपासनेला येणार आहे, पुढे जाणार नाही, त्याला त्यावरून कुणासमोर बोलू नका प्लीज. आणि शनिवारी संध्याकाळी त्याला काकांकडे जायचंय, धाकटी आणि जावई पण येणार आहेत तिथे. मी काकांना फोन केला होता. काकू म्हणाल्या, दादांना विचार की, आणि मग काकांनी फोन घेतला आणि म्हणाले, विचारू नको, पण आले तर दार उघडंच आहे.

तर विचारतेय. येणार असाल तर शुक्रवारी आईच्या फोनवरून कळवा, आई तूही त्यांच्या मागे लागू नकोस. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, स्ट्रिपचा फोटो टाका, इथून घेऊन येते.

तुमची,
बेबी